वन्संकडे ठेवलेलं नाव

आमचा धोंडू अठरा वर्षांचा झाला, त्या दिवशी मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं, शेवयांच्या खिरीची वाटी पुढे सरकवली, आणि पहिला घास तोंडात घालायच्या आधी तो म्हणाला, "आई, माझं नाव काय?"

लोकांची मुलं या वयात सायकल मागतात. शेजारच्या चंद्राबाईंच्या कृष्णातनं मनगटी घड्याळ मागितलं होतं आणि ते मिळेना म्हणून तो दोन दिवस जेवला नव्हता. म्हणजे घरी जेवला नव्हता. बाहेर भजी खात होता. माझ्या मुलानं स्वतःचं नाव मागितलं. ह्यांनी तोंडापुढचं वर्तमानपत्र खाली घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरलं. आमच्या संसारात अवघड प्रसंग आला की ह्यांनी आजवर एवढंच केलेलं आहे.

"धोंडू," मी म्हटलं.

"ते नव्हे. खरं नाव." त्यानं खिशातून घडी घातलेला छापील कागद काढला. रेल्वेत तारमास्तरच्या शिक्षणासाठी हुबळीला मुलं घेत होते. अर्ज महिनाअखेरीला पोचायला हवा होता. "यावर जे नाव लिहीन ते सर्व्हिस बुकात चढणार आणि पेन्शनीपर्यंत तेच राहणार. मी धोंडू म्हणून हुबळीला जाणार नाही. अठरा वर्षं पुरी झाली की नाव मिळेल असं तूच म्हणाली होतीस."

म्हणाले होते खरी. मूल सात वर्षांचं असताना आपण काय वाटेल ते कबूल करतो. तो अठरा वर्षांचा होईल हे तेव्हा कुठं खरं वाटत असतं?

त्याचं असं झालं होतं. सुहासिनी, म्हणजे माझी थोरली मुलगी, तिच्या पाठचा मुलगा साडेतीन वर्षांचा होऊन गेला. त्याच्या पाठचे दोघे बारशापर्यंतसुद्धा थांबले नाहीत. याविषयी मी इथं जास्त लिहिणार नाही; नावाच्या भानगडीत माझी कशी फजिती झाली तेवढंच सांगायला बसले आहे. तर पाचव्या खेपेला राहीबाई सुईण आली. ती पाटणकडची. तिनं माझ्या पोटाकडे न बघता आधी आमच्या घराच्या उंबऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, या घराचा रस्ता त्येला पाठ झालाय."

कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग पत्ता बदलायचं ठरलं. बायका बाळंतपणाला माहेरी जातात. मला साताऱ्याहून उचलून सांगलीला सगळ्यांत थोरल्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या, घरी धाडलं. मूल जन्मलं तसं राहीबाईच्या सांगण्यावरून त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवलं, उजवी नाकपुडी टोचली आणि कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून धोंडू म्हणायला सुरुवात केली. खऱ्या नावाबद्दल राहीबाईनं बजावून ठेवलं होतं. "खरं नाव आत्यानं कानात सांगायचं. आईला कळता कामा न्हाई. आईच्या तोंडातनं नाव निघालं की त्ये आयकतंय अन् येतंय. अठरा वरसं सरली की मागून घ्या. तवर पोरगं बाप्या झालेलं असतंय, उचलायला त्येला बी जड जातंय."

त्याप्रमाणे बारशाला वन्संनी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्रऽऽ' केलं. तेव्हा आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत असते. नाव कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्या दिवशी बायकांनी इतके धपाटे घातले की वन्सं आठ दिवस उताण्या झोपल्या नाहीत. नाव मात्र सुटलं नाही.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती. रोज तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावताना मी माझ्या गेलेल्या मुलाचं नाव घेत असे. अच्युत. मोठ्यानं नाही, फुंकर घालावी इतकंच. आमच्या घरात ते नाव कुणी काढत नसे. त्याचं झबलं, त्याचा भोवरा, सगळं देऊन टाकलं होतं. आपल्याला एक भाऊ होता हे धोंडूला ठाऊकसुद्धा नव्हतं. पण मी ओठांत "अच्युता" म्हटलं की कुठूनतरी धोंडू येऊन पाठीशी उभा राहायचा. "हाक मारलीस?"

चार वर्षांचा होता तेव्हा पलंगाखालून आला. दहा वर्षांचा असताना तालमीतून, अंगाला माती तशीच. एकदा तर शाळेच्या मैदानावरून अर्धा मैल पळत आला, एका पायाला क्रिकेटचं पॅड बांधलेलं. "नाही रे, मी नाही मारली," मी म्हणायची. "मग कुणी मारली?" तो विचारायचा. मला वाटे, एकाला ज्यानं नेलं ते त्याच्या नावासरशी येतं आणि दुसऱ्याला माझ्याकडे ढकलून दाखवतं, की हाही आहे बरं का माझ्या ध्यानात. मग मी मीठमोहऱ्या उतरून टाकायची. आमच्याकडे मिरच्या इतक्या जळत की वाण्यानं एकदा खाणावळ काढलीत का म्हणून विचारलं. दोनदा मी ते नाव घ्यायचं सोडूनही पाहिलं. आठ दिवसांत अन्न गोड लागेना. पुन्हा घेऊ लागले.

तेव्हा मुलानं नाव मागितलं आणि मला ते नकोसं झालं यात नवल नाही. त्याला अठरावं सरावं म्हणून मी अठरा वर्षं उपास केले होते. ते सरलं तेव्हा मला वाटलं, आणखी थोडं थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? धोंडू नावाचा मुलगा माझ्याजवळ होता, जिवंत होता. नवीन नावाचा जो कुणी असेल तो हुबळीला जाणार होता.

परसातल्या भिंतीवरून चंद्राबाईंनी सल्ला दिला. चंद्राबाई कराडच्या गुळाच्या व्यापाऱ्याची लेक; त्यांच्याकडे सगळ्या गोष्टींचा सल्ला तयार असतो. "आवं, नाव असं मोकळ्या हातानं आनायचं नसतंय. पदराच्या गाठीत बांधून आना. अन् येताना मागं वळून बगू नगा."

"जे माहीत नाही ते गाठीत कसं बांधू?"

"गाठ मारायची. आत काय हाय ते द्येव बगून घेतोय."

ह्यांनी त्याहून सरळ वाट काढली, म्हणजे मला एकटीला हेडमास्तरांकडे पाठवलं. स्वतःला कचेरीत काम होतं. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर शिपायानं मला दुसरीतल्या मुलांच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले. आयुष्यात मी सभ्यपणे वागत आले आहे, पण त्या बाकावर कुणालाही सभ्य दिसता येणार नाही.

"नाव बदलायचं म्हणता?" हेडमास्तरांनी चष्मा काढला.

"बदलायचं नाही. ठेवलेलं आहे, ते लावायचं."

"काय ठेवलंय?"

"ते माहीत नाही."

"बरं, कुठं ठेवलंय?"

"सांगलीला."

त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नियम सांगितला. ज्यानं नाव ठेवलं त्यानं स्टँपाच्या कागदावर तसं लिहून द्यायचं. सांगली हे संस्थान, म्हणजे परमुलूख, तेव्हा तिथल्या कचेरीचा शिक्का घ्यायचा. आणि हे सगळं महिनाअखेरीच्या आत. "आणि बाई," ते म्हणाले, "नाव जरा बघून घ्या. वही खराब होते."

मी आणि धोंडू निघालो. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, सर्व्हिस मोटारी कोळशावर चालत. सातारा रोड स्टेशनपर्यंत आम्ही पोचलो तेव्हा मोटारीतले सगळे उतारू एकाच घराण्यातले वाटत होते, इतके सारखे काळे झाले होते. माझ्या पदराला मी गाठ मारून ठेवली होती. श्रद्धा म्हणून नव्हे. चंद्राबाई परतल्यावर विचारणार हे माहीत होतं म्हणून.

कराडला गाडी थांबली आणि डब्यात पोलीस चढले. त्या साली आमच्या जिल्ह्यात खरी नावं लपवून फिरणारी चळवळीतली पोरं गावोगाव होती, आणि पोलीस दिसेल त्या तरण्या मुलाला नाव विचारत. एक मोठ्या मिशांचा हवालदार आमच्यासमोर उभा राहिला. "नाव?"

"आणायला चाललोय," धोंडू म्हणाला.

मी त्याला चिमटा काढला आणि घाईघाईनं म्हटलं, "तसं धोंडू आहे हो. पण ते खरं नाही."

पुढच्या मिनिटाला आम्ही फलाटावर होतो. आमच्या डोळ्यांदेखत गाडी निघून गेली आणि गाडीबरोबर दशम्यांचा डबाही गेला.

टळटळीत दुपार होती. गाडी गेल्यावर ते स्टेशन इतकं मोकळं झालं की पाण्याच्या रांजणाची गळती ऐकू येत होती. हवालदारानं आम्हांला खोलीत बसवलं आणि दरडावलं, "आता खरं बोला. पोराचं खरं नाव काय?" मग मी खरं बोलले. उकिरड्यापासून धपाट्यांपर्यंत सगळं सांगितलं. हवालदार हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं दार लोटलं, डोईची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बोटानं उजवी नाकपुडी दाखवली. तिथं टोचल्याचा जुना वण होता.

"मानसिंग ह्ये नाव भरतीच्या सायबानं लिवलं," तो म्हणाला. "घरात मला गुंडा म्हनत. खरं नाव आत्यापाशी हुतं. मी धा वर्साचा हुतो तवा आत्या पटकीच्या साथीत ग्येली. कुनाला सांगून ग्येली न्हाई."

"अगं बाई! मग हो?"

"मग काय. फलाट असा मोकळा आसला, दुपारचं, की लांबनं कोन तरी हाक मारतंय. हाक माझीच हाय, येवढं कळतंय. पर नावच म्हाईत न्हाई, तर ओ कशी देऊ?"

मी नको नको म्हणत असताना माझे कान बाहेर लागले होते. रांजण गळत होता. धोंडूनं हळूच माझा हात धरला. दहा वर्षांत त्यानं तो धरला नव्हता. मग हवालदारानं टोपी घातली आणि तो पुन्हा पोलीस झाला. पुढच्या गाडीत त्यानं आम्हांला स्वतः बसवून दिलं आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "आवं बाई, बिगीबिगी जावा. म्हातारी मानसं थांबत न्हाईत."

मिरजेहून टांग्यानं सांगलीला पोचेपर्यंत मी देवाला एकच विनवीत होते, की वन्सं असू देत. वन्सं होत्या. शहात्तर वर्षांच्या, ठणठणीत, अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला बघून आनंदानं उठल्या. मी वाकून नमस्कार केला आणि पाय धरूनच विचारलं, "वन्सं, धोंडूचं नाव काय ठेवलंत?"

वन्संनी माझा गाल कुरवाळला, हसल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

"मौन आहे," आतून नाना म्हणाले. नाना म्हणजे त्यांचे यजमान. संस्थानच्या दफ्तरखान्यात चाळीस वर्षं कागद सांभाळून निवृत्त झालेले. "चातुर्मासाचं. कार्तिकी एकादशीला सुटेल."

कार्तिकी एकादशी अर्जाच्या मुदतीनंतर आठ दिवसांनी होती. "लिहून देऊ देत," मी म्हटलं. वन्सं अंगठा उठवीत; त्यांना अक्षरओळख नव्हती. नाव कागदावर उतरायची भीती नाही म्हणून इतकी वर्षं मला जी गोष्ट सोयीची वाटत आली होती तीच आता आडवी आली.

वन्संनी खुणा सुरू केल्या. हवेत बोटानं काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. पुन्हा लिहिलं, पुन्हा रेघ मारली.

"पाटी?" मी म्हटलं. वन्संनी मान हलवली.

"पुसलं? विसरलात?" धोंडू म्हणाला. वन्संनी कपाळावर हात मारला.

"सारवण," नाना म्हणाले.

"माझं नाव सारवण असणं शक्य नाही, नाना." धोंडू रागावून ओट्यावर जाऊन बसला. तिथून नदीचा घाट दिसतो. मी वन्संकडे पाहत राहिले. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी असं होतं की नाव नाही मिळालं तरी चालेल, परत जाऊ, असं मला वाटू लागलं.

संध्याकाळी नाना संध्येला बसले आणि पळी हातात घेतल्याबरोबर त्यांना युक्ती सुचली. "संध्येत विष्णूची चोवीस नावं घेतो, त्यांच्या बाहेरचं नाव ही ठेवणार नाही," ते म्हणाले. "मी एकेक सावकाश घेतो. जे असेल त्याला हिनं हात वर करावा. हात वर केल्यानं मौन मोडत नाही."

युक्ती चांगली होती. फक्त मला ती चालण्यासारखी नव्हती. त्या चोवीस नावांत विसावं नाव अच्युताचं आहे. घरी हे संध्या करू लागले आणि एकोणिसावं नाव आलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. वीस-एकवीस वर्षं माझं दूध बरोबर त्याच वेळी उतू जात आलेलं आहे. इथं चुलीवर दूध नव्हतं.

"केशवाय नमः." वन्सं स्वस्थ. "नारायणाय नमः." स्वस्थ. "माधवाय नमः. गोविंदाय नमः." प्रत्येक नावाला नाना थांबत आणि चष्म्यावरून बघत. त्रिविक्रमाला मी मनात नको म्हटलं. हाक मारायला लांब. श्रीधर मला आवडलं असतं. पद्मनाभ गेलं, दामोदर गेलं. पुरुषोत्तमही गेलं. वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या. बाहेर उजेड चालला होता.

"अधोक्षजाय नमः. नारसिंहाय नमः."

मी उठले. वन्संनी डोळे न उघडता माझा पदर धरला, नेमकी ती गाठच, आणि मला खाली बसवलं.

"अच्युताय नमः," नाना म्हणाले.

वन्संनी हात वर केला. आणि त्याच क्षणी ओट्यावरून धोंडूनं दारातून डोकं आत घातलं. "आई, हाक मारलीस?"

मी तोंड उघडलं नव्हतं.

मला आधी राग आला. इतका आला की नानांच्या समोर मी वन्संना एकेरीत बोलले. "का केलंस हे? माझ्या गेलेल्या लेकराचं नाव याला? तुला दुसरं मिळालं नाही?" आणि मग मी रडले, संध्येच्या पळीपंचपात्रापुढेच बसून रडले. धोंडू दारात तसाच उभा होता. त्याला काही कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून तो लहान दिसत होता.

वन्संनी मौन मोडलं. "एक दिवस वाढवीन पुढं," असं आधी देवाला सांगितलं. तीन महिन्यांनी आवाज काढला, तो तेल नसलेल्या रहाटासारखा निघाला. "अगं, ह्यांच्या दफ्तराचं मी जन्मभर ऐकत आले. ज्या नावावर एकदा रेघ मारली, त्याला पुन्हा कुणी पुकारत नाही. म्हटलं, त्याच्याकडेही वही असेलच. मग त्याच्या वहीत जे खोडलेलं आहे तेच नाव ठेवावं. तो आला तरी वही बघणार, म्हणणार, हा तर नेला. आणि मुकाट्यानं परत जाणार. अठरा वर्षं जातोय परत."

"म्हणजे," मी म्हटलं, "वन्सं, तो येतो?"

वन्संनी ओठांवर बोट ठेवलं. त्यानंतर एकादशीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत त्या बोलल्या नाहीत. स्टँपाच्या कागदावर अंगठा तेवढा दिला.

परतीच्या गाडीत मी धोंडूला सगळं सांगितलं. राहीबाईनं नको म्हणून सांगितलेली एकच गोष्ट मी अठरा वर्षं रोज तिन्हीसांजेला करत आले होते, त्याचं नाव माझ्या तोंडानं घेत होते, आणि तो रोज येत होता. बिचारा ओ देऊन पुढ्यात उभा राहत होता आणि मी त्याच्यावरून मिरच्या ओवाळत होते. तो खिडकीतून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तो पहिला अच्युत ओ कशी द्यायचा?"

"परसातल्या शेवग्याखाली खेळत असायचा. तिथूनच म्हणायचा, 'ओऽऽ, आलो गं.' आणि यायचा मात्र नाही."

कराडला मानसिंग हवालदार फलाटावर होता. धोंडू खिडकीतून ओरडला, "हवालदार, मिळालं! अच्युत!" हवालदारानं खाडकन सलाम ठोकला. गाडी हलली तरी हात खाली घेतला नव्हता.

साताऱ्यात हेडमास्तरांनी आणखी एक कागद मागितला. जन्ममृत्यूच्या कचेरीतून दाखला आणा म्हणाले. तिथल्या कारकुनानं जुनी वही काढली, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. "अच्युत. सापडला. पण बाई, तुमचा अर्जदार मयत आहे."

"तो याचा भाऊ. हा दुसरा."

"नाव तेच, बाप तोच, पत्ता तोच. नाही जमायचं. एकदा मयत मांडलेलं नाव आम्ही पुन्हा पुकारत नाही."

"नक्की?" मी विचारलं.

"नियमच आहे."

"कधीच नाही?"

"कितीही अर्ज केलेत तरी नाही."

मी त्या माणसाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि पदरानं डोळे पुसत बाहेर आले. नकार मिळून इतकं समाधान झालेली बाई त्या कचेरीनं आधी पाहिली नसावी. शेवटी मला तिसऱ्यांदा त्या बाकावर गुडघे वर करून बसलेली बघून हेडमास्तरच कंटाळले आणि त्यांनी वन्संच्या अंगठ्यावर भागवलं. तांबड्या शाईनं धोंडू खोडला आणि वर अच्युत लिहिलं. खोडलेल्या धोंडूकडे बघून मला उगीचच वाईट वाटलं.

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न झालं आणि तो हुबळीला गेला. सातारा रोडच्या फलाटावर मी त्याला पहिल्यांदा उघड हाक मारली. "अच्युता, वाटेत कुठलंही पाणी पिऊ नकोस!" एवढंच म्हणायला सुचलं. तो म्हणाला, "ओ," आणि टोपी सारखी केली. गाडी गेल्यावर ह्यांनी माझा हात धरला. वर्तमानपत्र तेव्हा ह्यांच्याजवळ नव्हतं.

आठवड्यानं पत्र आलं. प्रकृती उत्तम, जेवण तिखट, मास्तर कडक. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "तू तिन्हीसांजेला नाव घेतेस ते इथं येतं. काल यंत्रावर बसल्या बसल्या मी मोठ्यानं ओ दिली. सगळा वर्ग हसला. तेवढं बंद करता आलं तर बघ."

मोठी पंचाईत झाली. मुलाच्या नोकरीत व्यत्यय आणणारी आई मी नव्हे. पण मग तुळशीपाशी म्हणायचं काय? अच्युत हे नाव आता हुबळीला कामावर होतं. ज्याचं ते मूळचं, तो बिननावाचा राहिला होता. मला सारखा तो कराडचा हवालदार आठवे. हाक आपलीच आहे हे कळतं, पण ओ देता येत नाही. माझं लेकरू तसंच कुठंतरी उभं असेल तर?

तीन दिवस मी विचार केला. आमच्यासारख्या घरांत धड वस्तू वाया घालवत नाहीत. थोरल्याचं अंगात येईनासं झालं की धाकट्याला होतं. इथं उलटं झालं, इतकंच. अठरा वर्षं वापरलेलं, एकदाही दगा न दिलेलं एक नाव घरात पडून होतं, आणि राहीबाईच्या सांगण्याप्रमाणे त्या नावाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला मी दिवा लावला. हे ओसरीवर झोपाळ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी परसाकडे तोंड केलं आणि ओठांत नाही, चांगली मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "धोंड्या, ए धोंड्या!"

काही झालं नाही. शेवग्याच्या शेंगा हलल्या. भिंतीपलीकडे चंद्राबाईंची बादली वाजली आणि थांबली.

मग शेवग्याखालून, जमिनीपासून दोन हातांवरून, आवाज आला.

"ओऽऽ, आलो गं."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. या खेपेला ते पुन्हा वर गेलं नाही. मी आत गेले आणि वाटीत दूधभात कालवला. चांगला मऊ कालवला. साडेतीन वर्षांच्या मुलाला भात अजून नीट चावता येत नाही.